इलेक्टोरल कॉलेज ठेवावं की मोडीत काढावं? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

२०१६च्या नोव्हेंबरात पुण्याहून आत्याचा फोन आला होता. अमेरिकेच्या अध्यक्षपदाच्या निवडणुकीचा निकाल लागून दोन आठवडे उलटले होते, पण कॅलिफोर्नियाची मोजणी अजून चालूच होती आणि हिलरी क्लिंटन यांची आघाडी वाढत वाढत वीस लाखांच्या वर गेली होती. "अरे, जास्त मतं तिलाच पडली ना? मग हरली कशी?" मी समजावायला बसलो. अर्ध्या तासाने आत्या म्हणाली, "राहू दे, मला कुकर लावायचाय."

तेव्हापासून हेच प्रश्न मंडळाच्या गणपतीत, व्हॉट्सॲपवर, भारतातून आलेल्या पाहुण्यांकडून येत राहतात. म्हणून एकदाचं लिहून ठेवतोय. मी न्यू जर्सीत राहतो, इथे मतदान करतो, आणि ही पद्धत जायला हवी असं माझं मत आहे. ते आधीच सांगितलेलं बरं.

इलेक्टोरल कॉलेज म्हणजे नक्की काय? हे कॉलेज आहे कुठे?

कुठेच नाही. कॉलेज म्हणजे इथे मंडळ, अमेरिकेचा अध्यक्ष निवडणारं, ५३८ माणसांचं. हे मंडळ एका छताखाली कधीच जमत नाही. काँग्रेस म्हणजे इथली संसद, तिची सभागृहं दोन: प्रतिनिधीगृह आणि सिनेट. प्रतिनिधीगृहात राज्याच्या जितक्या जागा, त्यात दोन सिनेटर मिळवायचे, तितके त्या राज्याचे इलेक्टर. असे ४३५ आणि १००. शिवाय वॉशिंग्टन डीसीचे ३, तेही १९६१च्या तेविसाव्या घटनादुरुस्तीनंतर. जिंकायला २७० लागतात.

नोव्हेंबरात मतपत्रिकेवर उमेदवाराचं नाव दिसतं, पण मत पडतं ते त्याच्या पक्षाने ठरवलेल्या इलेक्टरांना. ते डिसेंबरात आपापल्या राज्याच्या राजधानीत जमून मत देतात आणि सह्या करतात. ती प्रमाणपत्रं वॉशिंग्टनला जातात आणि ६ जानेवारीला दोन्ही सभागृहांसमोर उघडली जातात. ती ज्या पेट्यांतून सभागृहात आणतात त्या महोगनीच्या आहेत, चामडी पट्टे लावलेल्या, आजोबांच्या ट्रंकेसारख्या. २०२१ साली जमाव कॅपिटॉलमध्ये, म्हणजे संसद भवनात, घुसला तेव्हा सिनेटच्या कर्मचाऱ्यांनी जाता जाता या पेट्या उचलून सोबत नेल्या, म्हणून मोजणी त्याच रात्री पुन्हा सुरू करता आली.

जास्त मतं मिळवणारा हरतो कसा?

जवळपास सगळ्या राज्यांत नियम असा आहे की राज्यात जो पुढे, त्याला तिथले सगळे इलेक्टर. एका मताने जिंका नाहीतर तीस लाखांनी, मिळकत तेवढीच. त्यामुळे कॅलिफोर्नियातलं प्रचंड मताधिक्य वाया जातं आणि मिशिगनमधलं चिमूटभर मताधिक्य सोन्याच्या भावाने विकलं जातं. २०१६ला क्लिंटन देशभरात सुमारे २९ लाख मतांनी पुढे होत्या. मिशिगन, विस्कॉन्सिन आणि पेनसिल्व्हेनिया या तीन राज्यांत मिळून त्या सुमारे ७८ हजारांनी मागे पडल्या, आणि संपलं.

महाराष्ट्रातल्या वाचकाला हे परकं वाटू नये. २०२४च्या लोकसभेला आपल्याकडे महाविकास आघाडी आणि महायुती यांच्या मतांची टक्केवारी जवळपास सारखी होती, जागा मात्र ३० आणि १७. मतं कुठे पडली याला मतं किती पडली याच्याइतकीच किंमत असते. फरक एवढाच की आपण ४८ वेगवेगळे खासदार निवडत होतो. अमेरिकेत एकच माणूस निवडायचा असतो, आणि त्यासाठी देशाचे ५१ तुकडे करतात.

असं किती वेळा झालंय?

पाच वेळा: १८२४, १८७६, १८८८, २०००, २०१६. १८२४चा मामला थोडा निराळा. कुणालाच बहुमत नव्हतं, प्रतिनिधीगृहाने जॉन क्विन्सी ॲडम्सना निवडलं आणि पुढे असलेले अँड्र्यू जॅक्सन आयुष्यभर चडफडत राहिले. १८७६ साली हेज १८५ विरुद्ध १८४ असे जिंकले. तो वाद पक्षांतल्या सौद्याने मिटला आणि त्या सौद्याची किंमत दक्षिणेतल्या कृष्णवर्णीयांनी चुकवली, कारण केंद्राचं सैन्य तिथून मागे घेतलं गेलं. २०००चं फ्लोरिडा बहुतेकांना आठवत असेल: बुश आणि गोर यांच्यात ५३७ मतांचा फरक, भिंगातून तपासलेली मतपत्रिकांची भोकं, आणि शेवटी सर्वोच्च न्यायालय.

पण नुसते पाच मोजून भागत नाही, थोडक्यात हुकलेलेही धरायला हवेत. २०२०ला बायडन देशात सत्तर लाखांनी पुढे होते. तरी ॲरिझोना, जॉर्जिया आणि विस्कॉन्सिनमधली त्यांची आघाडी मिळून जेमतेम ४३ हजार होती. ती तीन राज्यं गेली असती तर आकडा झाला असता २६९–२६९.

सगळे इलेक्टर एकालाच, हे घटनेत लिहिलंय का?

नाही. माझ्या मते अख्ख्या वादातली सगळ्यात दुर्लक्षित गोष्ट हीच. घटना एवढंच म्हणते की इलेक्टर कसे नेमायचे ते राज्याच्या विधिमंडळाने ठरवावं. सुरुवातीला काही राज्यांत जिल्हावार निवड होई, काही ठिकाणी आमदारच नेमत. दक्षिण कॅरोलायनात तर १८६०पर्यंत जनतेला विचारतच नव्हते. १८००च्या निवडणुकीआधी व्हर्जिनियाने आपल्या माणसाच्या, उमेदवार जेफरसन यांच्या सोयीसाठी सगळं-एकाला ही पद्धत आणली. एकाने केलं म्हटल्यावर दुसरा कशाला मागे राहील? बघता बघता सगळीकडे तेच झालं. आपल्या राज्याने प्रामाणिकपणे वाटणी केली आणि शेजारच्याने केली नाही, तर नुकसान आपलंच. त्यामुळे पहिलं पाऊल कुणीच उचलत नाही.

अपवाद दोन, मेन आणि नेब्रास्का. तिथे राज्यभर जिंकणाऱ्याला दोन इलेक्टर, आणि प्रत्येक काँग्रेस मतदारसंघाचा एकेक वेगळा. नेब्रास्का म्हणजे रिपब्लिकनांचा गड, पण ओमाहा शहराचा मतदारसंघ २००८, २०२० आणि २०२४ला डेमोक्रॅटिक उमेदवाराकडे गेला. २०२४ साली ओमाहातल्या घरांपुढच्या हिरवळीवर विचित्र पाट्या दिसू लागल्या: पांढरा पुठ्ठा, त्यावर निळा ठिपका. नाव नाही, घोषणा नाही. लाल म्हणजे रिपब्लिकन, निळा म्हणजे डेमोक्रॅट: लाल नकाशावरचा आपला एक निळा ठिपका. त्याच सप्टेंबरात हा नियम बदलून ठिपका पुसायचा प्रयत्न झाला. माइक मॅकडॉनेल हे राज्याच्या विधिमंडळातले सिनेटर नुकतेच रिपब्लिकन पक्षात आलेले, पण निवडणूक तोंडावर असताना नियम बदलायला त्यांनी नकार दिला आणि तो बेत बारगळला. एका इलेक्टरसाठी एवढा आटापिटा! यावरून ही यंत्रणा कशी चालते ते कळावं.

मुळात अशी पद्धत आणलीच कशाला?

शाळेत शिकवतात ते उत्तर असं की घटनाकारांना अडाणी जनतेची भीती वाटत होती, म्हणून शहाण्या माणसांची चाळणी ठेवली. ते खरं आहे, पण अर्धंच. १७८७च्या फिलाडेल्फियातल्या अधिवेशनात जेम्स विल्सन यांनी थेट निवडणूक सुचवली होती. त्यावर घटनेचे एक प्रमुख शिल्पकार जेम्स मॅडिसन यांनी मोकळेपणाने अडचण मांडली: दक्षिणेतल्या राज्यांत लोकसंख्या पुष्कळ, पण त्यात गुलाम पुष्कळ, आणि गुलामांना मत नाही. थेट मतदानात दक्षिण मागे पडणार. प्रतिनिधीगृहाच्या जागा ठरवताना मात्र पाच गुलाम म्हणजे तीन माणसं असा हिशेब आधीच मान्य झाला होता. इलेक्टर त्या जागांवर बेतले की गुलामांची संख्या मालकांच्या पारड्यात पडत होती.

परिणाम बघा. पहिल्या ३६ वर्षांपैकी ३२ वर्षं अध्यक्षपदी व्हर्जिनियाचा माणूस होता आणि चौघांकडेही गुलाम होते. अंतरं, संथ टपाल, लहान राज्यांची मनधरणी अशी इतर कारणंही होतीच. पण आज कुणी ही पद्धत म्हणजे पूर्वजांचं दूरदर्शी शहाणपण आहे असं सांगू लागलं, की मला हा तीन-पंचमांशाचा हिशेब आठवतो. शिवाय त्या पूर्वजांची घडी पहिल्या काही निवडणुकांतच विस्कटली. १८००ला जेफरसन आणि त्यांचाच जोडीदार ॲरन बर यांना सारखी ७३ मतं पडली, प्रतिनिधीगृहात ३६ वेळा मतदान घ्यावं लागलं, आणि १८०४ साली घटनाच दुरुस्त करावी लागली.

पण मग लहान राज्यांना विचारणार कोण?

आज तरी कोण विचारतं? वायोमिंगची लोकसंख्या २०२०च्या जनगणनेत पावणेसहा लाखांच्या आसपास, इलेक्टर ३. कॅलिफोर्निया साडेतीन कोटींच्या बरंच पुढे, जवळपास चार कोटी, इलेक्टर ५४. म्हणजे वायोमिंगमध्ये एका इलेक्टरमागे १ लाख ९२ हजार माणसं आणि कॅलिफोर्नियात ७ लाख ३२ हजार. कागदावर वायोमिंगच्या माणसाचं वजन जवळपास पावणेचारपट. पण अध्यक्षपदाचा उमेदवार प्रचाराला वायोमिंगमध्ये येतो का? व्हर्मांटला? दोन्ही डाकोटांना? निकाल ठरलेला असला की वजनाला कोण विचारतो. २०२४ला सगळी धावपळ सात राज्यांत होती: पेनसिल्व्हेनिया, मिशिगन, विस्कॉन्सिन, जॉर्जिया, नॉर्थ कॅरोलायना, ॲरिझोना, नेव्हाडा. त्यांतलं नेव्हाडा सोडलं तर लहान म्हणावं असं एकही नाही. पद्धत लहान राज्यांना जपत नाही. ती अटीतटीच्या राज्यांना जपते.

थेट मतदान आलं तर न्यूयॉर्क आणि लॉस एंजेलिसच अध्यक्ष ठरवतील, असं म्हणतात.

अमेरिकेतली सगळ्यात मोठी १०० शहरं एकत्र केली तरी देशाच्या लोकसंख्येचा साधारण पाचवा हिस्सा भरतो. आणि शहर एकगठ्ठा मतदान करत नाही. २०२०ला ट्रम्प यांना सगळ्यात जास्त मतं कुठल्या राज्यात पडली असतील? टेक्सास नव्हे, कॅलिफोर्निया. साठ लाखांहून जास्त. तिथून त्यांना इलेक्टर मिळाले शून्य. माझ्या न्यू जर्सीत २०२४ला एकोणीस लाखांहून जास्त लोकांनी ट्रम्प यांना मत दिलं, तेही इलेक्टरांच्या हिशेबात कुठेच दिसत नाहीत. ग्रामीण, रिपब्लिकन माणसावर अन्याय नको असेल, तर मध्य कॅलिफोर्नियातल्या शेतकऱ्याला आधी विचारा.

म्हणजे हा डेमोक्रॅटांचा रडीचा डाव आहे की काय?

तसा दिसतो खरा, कारण अलीकडचे दोन्ही फटके त्यांनाच बसले. पण पारडं फिरतं. २००४ला बुश देशात सुमारे तीस लाखांनी पुढे होते. ओहायोत साठ हजार लोकांनी मन बदललं असतं तर त्यांचे डेमोक्रॅट प्रतिस्पर्धी केरी अध्यक्ष झाले असते, आणि आज भूमिका उलट्या ऐकू आल्या असत्या. २०२४ला ट्रम्प दोन्ही हिशेबांनी जिंकले: इलेक्टर ३१२ विरुद्ध २२६, आणि मतांतही दीड टक्का पुढे.

खुद्द ट्रम्प यांचंच बघा. २०१२च्या निकालाच्या रात्री त्यांनी ट्विट केलं होतं की इलेक्टोरल कॉलेज म्हणजे लोकशाहीवरचं संकट आहे. चार वर्षांनी जिंकल्यावर तीच पद्धत त्यांना अलौकिक बुद्धीची वाटू लागली. त्यांना एकट्याला हसण्यात अर्थ नाही, या विषयावर बहुतेकांची तत्त्वं निकालानंतर तयार होतात. जनमताचं म्हणाल तर प्यू रिसर्चच्या २०२४च्या पाहणीत ६३ टक्के लोकांनी थेट मतांच्या बाजूने कौल दिला.

इलेक्टरने ऐनवेळी दुसऱ्यालाच मत दिलं तर?

देतात कधीकधी. २०१६ला वॉशिंग्टन राज्यातल्या तिघांनी माजी परराष्ट्रमंत्री कॉलिन पॉवेलना मत दिलं, आणि ते उमेदवारही नव्हते. २०२०मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एकमताने सांगितलं की राज्य अशा इलेक्टरला शिक्षा करू शकतं. पण सगळ्या राज्यांनी तसे कायदे केलेले नाहीत.

आणि २६९–२६९ झालं तर?

प्रतिनिधीगृह अध्यक्ष निवडतं, पण सदस्यागणिक एक मत नव्हे, राज्यागणिक एक. कॅलिफोर्नियाच्या ५२ प्रतिनिधींचं मिळून एक मत आणि वायोमिंगच्या एकुलत्या एक प्रतिनिधीचंही एक मत. २६ राज्यं ज्याच्याकडे तो अध्यक्ष. उपाध्यक्ष निवडणार सिनेट, म्हणजे दोघं वेगवेगळ्या पक्षांचेही निघू शकतात. ज्यांना सध्याची पद्धत आवडते त्यांनी हे कलम एकदा मोठ्याने वाचावं.

आपल्या राष्ट्रपतींची निवडणूकही निर्वाचक मंडळच करतं ना? मग आपण कशाला नावं ठेवायची?

हा प्रश्न हमखास येतो, विशेषतः नागरिकशास्त्र चांगलं आठवणाऱ्या काकांकडून. नाव एक, जात वेगळी. आपल्याकडे मत देणारे आमदार-खासदार आधीच दुसऱ्या कामासाठी निवडून आलेले असतात. आमदाराच्या मताचं मूल्य १९७१च्या लोकसंख्येवर ठरतं: महाराष्ट्र १७५, उत्तर प्रदेश २०८, गोवा २०, सिक्कीम ७. म्हणजे आपण लोकसंख्येशी जमवून घ्यायचा प्रयत्न करतो, अमेरिका लहान राज्यांना उलट बोनस देते. मतदान गुप्त असतं आणि व्हिप नसतो, म्हणून तर २००७ला शिवसेना एनडीएत असूनही प्रतिभाताई पाटील यांच्या मागे उभी राहिली. अमेरिकन इलेक्टरने असं केलं तर काही राज्यांत शिक्षा होऊ शकते. आणि मुख्य म्हणजे आपल्या राष्ट्रपतींच्या हातात सरकार चालवणं नसतं. तिथे अप्रत्यक्ष निवड खपून जाते.

आजवर कुणी हे रद्द करायचा प्रयत्न केला नाही का?

शेकडो वेळा. पण एकदा घास अगदी ओठापर्यंत आला होता.

१९६८ला अलाबामाचे जॉर्ज वॉलेस वर्णभेदाच्या मुद्द्यावर तिसरे उमेदवार म्हणून उभे राहिले. जिंकायचं नव्हतंच त्यांना. कुणालाच बहुमत मिळू द्यायचं नाही आणि मग आपल्या इलेक्टरांच्या बदल्यात सौदा करायचा, असा डाव होता. त्यांनी दक्षिणेतली पाच राज्यं जिंकली, ४६ इलेक्टर मिळवले. निक्सन ३०१वर पोचले म्हणून डाव फसला, पण दोन्ही पक्षांचे धाबे दणाणले. इंडियानाचे सिनेटर बर्च बाय यांनी घटनादुरुस्ती आणली: थेट मतदान, निदान ४० टक्के मतं हवीत, नाहीतर पहिल्या दोघांत पुन्हा लढत. सप्टेंबर १९६९मध्ये प्रतिनिधीगृहाने ती तीनशेहून जास्त मतांनी मंजूर केली, विरोधात फक्त ७०. निक्सन यांनीही पाठिंबा दिला. आजच्या काळात असं काही वाचलं की परीकथा वाटते.

मग ती सिनेटमध्ये गेली. तिथे स्ट्रॉम थरमंड, जेम्स ईस्टलंड, सॅम अर्विन या दक्षिणेतल्या सिनेटरांनी बोलत राहून वेळ काढायचा मार्ग धरला. चर्चा थांबवायला तेव्हा दोन-तृतीयांश मतं लागत. सप्टेंबर १९७०मध्ये दोनदा प्रयत्न झाला: आधी ५४–३६, मग ५३–३४. एकदा सहा मतं कमी पडली, एकदा पाच. बाय यांनी १९७९ला पुन्हा मतदान घडवलं, ५१–४८. तेही पुरेसं नव्हतं. त्या वेळी काही कृष्णवर्णीय आणि ज्यू संघटनांच्या नेत्यांनीही विरोध केला, कारण मोठ्या अटीतटीच्या राज्यांतल्या शहरांत आपली मतं निर्णायक ठरतात असं त्यांना वाटत होतं. हा युक्तिवाद मला पटत नाही, पण तो दुष्ट हेतूचा नव्हता.

आज घटनादुरुस्तीला दोन्ही सभागृहांत दोन-तृतीयांश आणि ५०पैकी ३८ राज्यं लागतील. अडवायला १३ पुरेत. माझ्या हयातीत होईल असं वाटत नाही.

मग राज्यांच्या करारामुळे घटनादुरुस्तीशिवाय काम होईल का?

कल्पना चलाख आहे. राज्यांनी कायदा करायचा की आमचे सगळे इलेक्टर देशभरात जास्त मतं मिळवणाऱ्याला. करारातल्या राज्यांची बेरीज २७० झाली की तो लागू. २००७ला मेरीलँडने सुरुवात केली, न्यू जर्सीही लगेच आलं, आणि २०२४ला मेन सामील झाल्यावर बेरीज २०९ झाली.

मी याचा समर्थक होतो. आता तितकासा नाही. कल्पना करा, २०२४ला हा करार लागू असता तर कॅलिफोर्नियाचे ५४ आणि न्यूयॉर्कचे २८ इलेक्टर ट्रम्प यांना द्यावे लागले असते. ज्या राज्याने त्यांच्याविरुद्ध भरभरून मतदान केलं तिथल्या विधिमंडळाने त्या आठवड्यात शब्द पाळला असता? मला शंका आहे. शिवाय राज्याराज्यांच्या कराराला काँग्रेसची मंजुरी लागते का, यावर कोर्टबाजी ठरलेली. दबाव म्हणून करार चांगला. पाया म्हणून कच्चा.

रद्द केलं तर खऱ्या अडचणी कोणत्या?

शहरं-खेडी वगैरे नव्हेत. पहिली अडचण फेरमोजणीची. १९६०ला केनेडी यांची आघाडी सुमारे एक लाखाची होती, सात कोटींच्या मतदानात. थेट पद्धतीत तसं झालं तर फ्लोरिडासारखा गोंधळ एका राज्यापुरता न राहता देशभर. दुसरी, निवडणूक घ्यायची कुणी? इथे आपल्यासारखा निवडणूक आयोग नाही. ओळखपत्र, टपाली मतं, तुरुंगातून सुटलेल्यांचा हक्क, सगळ्याचे नियम राज्यागणिक वेगळे. एकच बेरीज करायची तर नियमही थोडेफार एक करावे लागतील, आणि राज्यं आपली सत्ता सुखासुखी सोडणार नाहीत.

तिसरी, किती टक्क्यांना विजय म्हणायचं? बिल क्लिंटन १९९२ला ४३ टक्क्यांवर जिंकले होते, लिंकन १८६०ला चाळिशीच्याही किंचित खाली. फ्रान्स दुसरी फेरी घेतो. अर्जेंटिनातही इलेक्टोरल कॉलेज होतं, त्यांनी १९९४ला घटना बदलून ते काढलं आणि दुसऱ्या फेरीची सोय केली. फिनलंडनेही त्याच सुमारास थेट मतदान आणलं. दोन्ही देश अजून जागेवर आहेत.

ग्रीन कार्डवाल्यांना यात काही मत?

नाही. नागरिकच लागतो. आणि नागरिक असूनही प्वेर्तो रिकोत राहणाऱ्या तीस लाखांहून जास्त लोकांना अध्यक्ष निवडता येत नाही, कारण ते राज्य नाही.

हे सगळं बदललं तर आमच्या घरी येणारी पत्रकं बंद होतील का?

हा प्रश्न पेनसिल्व्हेनियात राहणाऱ्या मावसबहिणीचा. ती डेलावेअर नदीच्या पलीकडे, मी अलीकडे, गाडीने चाळीस मिनिटं. २०२४च्या ऑक्टोबरात मी तिच्याकडे गेलो तेव्हा चपलांच्या स्टँडवर गुळगुळीत पत्रकांचा वीतभर गठ्ठा होता. आठवड्याची रद्दी. आम्ही चहा घेत असताना दोनदा दार वाजलं, दोन्ही वेळा प्रचारवाले. टीव्हीवर क्रिकेटच्या मधेही तेच. त्या अख्ख्या मोसमात माझ्या पेटीत अध्यक्षपदाच्या प्रचाराचं एकही पत्रक आलं नव्हतं. न्यू जर्सीने शेवटचा रिपब्लिकन अध्यक्ष निवडला तो १९८८ला. मला कोण कशाला पटवायला येईल?

तर ताई, बंद नाही होणार. निम्मी माझ्याकडे येतील.